विकाऊ घरातील चित्रे

चित्रकलेविषयी आपल्याकडे जे काही लिहिले जाते, ते बहुतकरून प्रदर्शनांतील चित्रांविषयी असते. चित्रकाराची शैली, त्याचे रंगज्ञान, त्याच्यावर झालेला पूर्वसूरींचा परिणाम यांची चर्चा होते, आणि ती व्हावी हे योग्यच आहे. परंतु सामान्य गृहस्थाच्या दृष्टीस रोज पडणारी चित्रे प्रदर्शनांतील नसून घरातल्या भिंतींवरची असतात, हा विचार टीकाकाराच्या मनात सहसा येत नाही. त्यातही चित्रांचा एक वर्ग असा आहे की, ज्याकडे टीकाकाराची नजर क्वचितच वळते. घर विकावयास काढल्यावर ते गिऱ्हाइकाच्या मनात भरावे म्हणून काही आठवड्यांपुरती जी चित्रे भिंतीवर लावली जातात, त्यांचा हा वर्ग होय. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण चित्र घरात नेमके कोणते कार्य करते, हा प्रश्न या क्षुल्लक विषयात जितका उघडा पडतो, तितका तो मोठमोठ्या कलादालनांत पडत नाही, असे आमचे मत आहे. आणि म्हणूनच आम्ही तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

या प्रथेचे माहेरघर अमेरिका होय. तेथे राहते घर विकावयाचे ठरले म्हणजे पुष्कळदा ते आहे तसे न दाखविता, आधी बरेचसे सामान हलवून, भाड्याने आणलेल्या वस्तूंनी नव्याने मांडून दाखवितात. या मांडणीस ‘होम स्टेजिंग’ म्हणतात. हे नाव सरळ रंगभूमीवरून घेतलेले आहे. बार्ब श्वार्ट्झ या बाईंनी १९७२ साली सिॲटल शहराच्या आसमंतात या धंद्याचा पाया घातला, असे समजले जाते. त्यांस नाटक आणि गृहसजावट या दोहोंचा अनुभव होता. प्रयोगापूर्वी जसा रंगमंच सजवावा तसे गिऱ्हाइक येण्यापूर्वी घर सजवावे, ही कल्पना पुढे इतकी रुजली की आज तो एक स्वतंत्र धंदा होऊन बसला आहे. या धंदेवाल्यांच्या वखारींत कोच, दिवे, गालिचे यांच्या बरोबरीने फ्रेममध्ये बसविलेल्या चित्रांच्या थप्प्या असतात. एकच चित्र या महिन्यात एका घरी व पुढच्या महिन्यात दुसऱ्या घरी टांगले जाते, आणि सौदा झाला की परत वखारीत येते. तेथील घरदलालांच्या राष्ट्रीय संस्थेने २०२३ साली आपल्या सभासदांची मते अजमावली. तेव्हा खरेदीदारांच्या बाजूने काम करणाऱ्या दलालांपैकी शेकडा ८१ जणांनी असे सांगितले की, अशा मांडणीमुळे ‘हे आपले घर होईल’ अशी कल्पना करणे गिऱ्हाइकास सोपे जाते. हे मत दलालांचे आहे, गिऱ्हाइकांचे नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तथापि त्यातील ‘कल्पना करणे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. केवळ भिंती आणि छप्पर यांचाच हा सौदा नाही. पुढे जगावयाच्या एका आयुष्याचा देखावाही त्याबरोबर पुढे केला जातो.

आता चित्रांच्या निवडीविषयी या धंद्यात जे नियम रूढ आहेत ते पाहू. पहिला नियम उतरवून ठेवण्याचा आहे. कुटुंबाची छायाचित्रे, लग्नाचे फोटो, मुलांची प्रशस्तिपत्रे, देवादिकांच्या प्रतिमा, राजकीय पुढाऱ्यांच्या तसबिरी, नग्नाकृती, शिकारीत मारलेल्या जनावरांची मुंडकी, हे सर्व भिंतीवरून खाली यावे. कारण आपण दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून आलो आहोत, असे गिऱ्हाइकास वाटता कामा नये. दुसरा नियम लावण्याचा. रिकाम्या झालेल्या जागी निसर्गदृश्य, झाडापानांची चित्रे, किंवा ज्यात ओळखू येईल अशी कोणतीच आकृती नाही असे अमूर्त चित्र लावावे, आणि त्यातील एखादा रंग कोचावरील उशीशी किंवा गालिच्याशी जुळावा. तिसरा वर्ग टांगण्याच्या नियमांचा. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर यावा, म्हणजे तो उभ्या माणसाच्या नजरेसमोर येतो. कोचावरील चित्राची रुंदी कोचाच्या सुमारे दोन-तृतीयांश असावी, आणि कोचाची पाठ व चित्राची खालची कड यांमध्ये सहा-आठ इंचांहून फार अंतर नसावे. अनेक लहान चित्रांपेक्षा एक मोठे चित्र बरे. आणि काही भिंती मुद्दाम मोकळ्या ठेवाव्या.

यांपैकी टांगण्याचे नियम आम्हांस मनापासून मान्य आहेत. जुन्या मराठी घरांत तसबिरी दाराच्या गणेशपट्टीच्याही वर, दोरीने पुढे झुकवून टांगलेल्या असत. त्यास कारण होते. त्या न्याहाळण्यासाठी नव्हत्या, वंदनासाठी होत्या. आणि देवांकडे व पूर्वजांकडे मान वर करून पाहावे, हा संस्कार त्यामागे होता. परंतु त्याच उंचीवर आपण पुढे निसर्गचित्रे टांगली, मित्राने भेट दिलेले जलरंगाचे चित्र टांगले, मुलीने शाळेत बक्षीस मिळविलेले चित्रही टांगले. परिणाम असा की, ती चित्रे वर्षानुवर्षे भिंतीवर असून कोणाच्या दृष्टीस पडली नाहीत. दिवाळीपूर्वी जळमटे काढणाऱ्याने काय ती पाहिली असतील. अमेरिकेतील या धंदेवाल्याने चित्र नजरेसमोर आणले, त्याच्याभोवती मोकळी जागा सोडली आणि शेजारच्या वस्तूंशी त्याचे प्रमाण जुळविले. एवढ्यापुरता तो आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांहून अधिक रसिक ठरतो, हे कबूल करण्यात कमीपणा नाही.

वादाचा प्रश्न आहे तो निवडीचा. या निवडीचे वर्णन करताना धंद्यातील लोक ‘न्यूट्रल’ हा शब्द वापरतात. आपण अशा चित्रास तटस्थ चित्र म्हणू. त्याचे स्वरूप समजून घेण्यास रंगभूमीचीच उपमा उपयोगी पडेल. आपल्या जुन्या संगीत नाटक मंडळ्यांपाशी रंगविलेले पडदे असत: एक राजवाड्याचा, एक रस्त्याचा, एक अरण्याचा. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर यांच्यासारख्या गुणी चित्रकारांनी असे पडदे रंगविले आहेत. तोच राजवाडा आज एका राजाचा, उद्या दुसऱ्याचा होई, आणि प्रेक्षकांस त्यात काही वावगे वाटत नसे. कारण पडद्यापुढे नट येऊन उभा राही, पद म्हणू लागे, आणि पाहता पाहता तो राजवाडा त्याचा होऊन जाई. विकाऊ घरातील तटस्थ चित्र हे अशा पडद्याच्या जातीचे आहे. भेद इतकाच की, या पडद्यापुढे नट नाही. जो प्रेक्षक म्हणून दार उघडून आत येतो, त्यानेच नायकाची भूमिका घ्यावयाची आहे. नेपथ्याने नायकाच्या पुढे पुढे करू नये, हे कोणताही जाणता नट सांगेल. त्या दृष्टीने पाहिले तर घर दाखविण्यापुरते तटस्थ चित्र लावणे यात दोष काढण्यासारखे काही नाही.

मग अशा चित्रांना कला म्हणावे की नाही? साहित्यातील एक दाखला घेऊ. आपल्याकडे लग्नासाठी मागणीप्रमाणे मंगलाष्टके रचून देणारे लोक आहेत. वधूवरांची आणि व्याह्यांची नावे बदलली की तीच मंगलाष्टके दुसऱ्या मांडवात चालतात. त्यांत वृत्तभंग नसतो, यमके चोख असतात, आणि अक्षता हातात घेऊन उभ्या असलेल्या मंडळींना ती ऐकावयास गोडही वाटतात. तथापि लग्न पार पडल्यावर ती वहीत उतरवून घेण्याची इच्छा कोणास होत नाही. याचे कारण त्यांत काही चूक आहे हे नव्हे. ती कोणा एका जोडप्यास उद्देशून लिहिलेलीच नाहीत, हे आहे. तटस्थ चित्राचेही तसेच आहे. त्याचा रंग चांगला असेल, तोलही साधलेला असेल. परंतु कोणाही प्रेक्षकास ते खटकू नये या अटीवर ते निवडलेले असल्यामुळे कोणाही प्रेक्षकास ते हवेहवेसेही वाटत नाही.

अमूर्त चित्रकलेच्या वाट्यास हे काम यावे, हा मात्र दैवदुर्विलास म्हटला पाहिजे. मार्क रॉथको या अमेरिकन चित्रकाराचे उदाहरण येथे बोलके आहे. न्यूयॉर्क येथील सीग्रॅम इमारतीतील एका श्रीमंती भोजनगृहासाठी भित्तिचित्रे काढण्याचे काम १९५८ साली त्याच्याकडे आले. त्याने गडद तांबड्या व काळपट रंगांची मोठमोठी चित्रे काढली. पण स्वतः त्या भोजनगृहात जाऊन जेवल्यानंतर, आपली चित्रे अशा ठिकाणी लागावयाची नाहीत असे त्याने ठरविले, करार मोडला आणि घेतलेले पैसे परत केले. पुढे त्यांपैकी नऊ चित्रे त्याने लंडनच्या टेट कलादालनास दिली. ती तेथे पोहोचली १९७० साली. जेवणाऱ्यांच्या पाठीमागची शोभा होण्याचे ज्याने नाकारले, त्याच्याच रंगपट्ट्यांच्या पातळ नकला आज विकाऊ घरांतील कोचांवर टांगल्या जातात. मूळ चित्रात प्रेक्षकास अस्वस्थ करण्याचे सामर्थ्य होते. नकलेत नेमके तेवढेच गाळलेले असते, आणि उरतो तो उशीला जुळणारा रंग.

येथवर आम्ही तटस्थपणा हा शब्द धंद्यातील लोकांच्या अर्थानेच घेतला. परंतु तटस्थ म्हणजे कोणाच्या दृष्टीने तटस्थ, हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात २०२० साली घडलेले एक प्रकरण न्यायालयात गेल्यामुळे जाहीर झाले. एका कृष्णवर्णीय दांपत्याने, विक्रीसाठी नव्हे तर कर्जाच्या कामासाठी, आपल्या घराचे मूल्यमापन करविले. ते ९ लक्ष ९५ हजार डॉलर ठरले. काही आठवड्यांनी त्यांनी दुसरे मूल्यमापन करविले. त्या वेळी भिंतींवरील कुटुंबाची छायाचित्रे आणि आफ्रिकी वळणाच्या कलाकृती त्यांनी उतरवून ठेविल्या, आणि त्यांच्या एका गोऱ्या मैत्रिणीने आपल्या कुटुंबाची छायाचित्रे तेथे मांडून घरमालकीण म्हणून दार उघडले. या खेपेस किंमत ठरली १४ लक्ष ८२ हजार ५०० डॉलर. घर तेच, जमीन तीच. पहिल्या मूल्यमापकाविरुद्धचा दावा २०२३ साली तडजोडीने मिटला. त्यामुळे त्याच्या अंतःकरणात काय होते याविषयी निर्णय देणे आमचे काम नव्हे.

टीकाकारास या प्रकरणातून जे शिकावयाचे आहे ते वेगळेच. दुसऱ्या खेपेस भिंती काही रिकाम्या नव्हत्या. तेथे कुटुंबाचीच छायाचित्रे होती, फक्त ती दुसऱ्या कुटुंबाची होती. म्हणजे ‘घरगुती खुणा नकोत’ हा नियम दिसतो तितका निरपेक्ष नाही. काही घरगुती खुणा डोळ्यांत सलतात आणि काही डोळ्यांना दिसतही नाहीत; ज्या दिसत नाहीत त्यांनाच तटस्थ असे नाव मिळते. घरांच्या खरेदी-विक्रीत वर्ण आणि धर्म यांवरून भेद करण्यास अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने बंदी आहे. परंतु कायद्याचा हात व्यवहारापर्यंत पोहोचतो. नजरेपर्यंत तो सहज पोहोचत नाही. चित्र निवडण्याची बाब येथे रुचीची न राहता प्रतिष्ठेची होते, आणि विक्रेत्यास स्वतःच्याच भिंतीवरून स्वतःचा चेहरा उतरवावा लागतो.

तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे घर विकावयास काढतात तेव्हा त्यांनाही याच नियमांना तोंड द्यावे लागते. देव्हारा झाकून ठेवावा, गणपतीची तसबीर कपाटात ठेवावी, दारावरचे तोरण काढावे, हा त्याचा ओघानेच येणारा अर्थ. व्यवहार म्हणून तो सल्ला मानला तर आम्ही कोणास नावे ठेवणार नाही. चार आठवडे देव कपाटात राहिल्याने भक्ती आटत नाही. आणि परक्यांकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण आपल्या शहरांकडेही पाहावे. आडनाव विचारून, स्वयंपाकघरात काय शिजते याची चौकशी करून, भिंतीवर कोणाची तसबीर आहे हे पाहून भाडेकरू नाकारण्याची चाल मुंबई-पुण्यात नाही, असे कोण म्हणेल? ज्या माणसाला आपल्या महापुरुषाची तसबीर आतल्या खोलीत न्यावी लागते, त्याला तटस्थ चित्राची किंमत आमच्यापेक्षा अधिक नेमकी ठाऊक असते.

आमचा खरा आक्षेप याच्या पुढचा आहे. विक्रीपुरता घातलेला वेष विक्री झाल्यावर उतरविला जातो काय? आपल्याकडे बांधकाम व्यावसायिक इमारत पुरी होण्याआधी एक नमुन्याचे घर सजवून ठेवतात. त्यास सर्वजण ‘सॅम्पल फ्लॅट’ म्हणतात. तेथेही कोचावर रुंद अमूर्त चित्र असते, शय्यागृहात तीन सारख्या चौकटींत तीन पाने असतात. कुटुंब ते पाहते, प्रसन्न होते, जागा घेते; आणि ताबा मिळाल्यावर सजावट करणाऱ्यास सांगते की, अगदी तसेच करून द्या. ज्या पडद्यापुढे त्यांनी येऊन उभे राहावयाचे होते, तो पडदाच ते विकत घेतात. मग गिऱ्हाईक निघून गेले तरी घर जणू कायमचे गिऱ्हाइकासाठी मांडलेले राहते. आजोबांचे छायाचित्र ‘थीममध्ये बसत नाही’ म्हणून माळ्यावर जाते, आणि भिंतीवर राहते ते पान, जे कोणत्या झाडाचे हे घरात कोणासच सांगता येत नाही.

यावर असा प्रतिवाद होईल की, जुन्या भिंतींवर तरी काय मोठी कला होती? होती ती छापील चित्रेच. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोहोचल्या. त्यानंतरच्या पिढीने मुळगावकरांच्या कॅलेंडरांना चौकटी करविल्या. हा प्रतिवाद खरा आहे, आणि म्हणूनच अस्सल आणि छापील असा भेद करून हा प्रश्न सुटत नाही. दुसराही प्रतिवाद तितकाच खरा आहे. त्या भिंतींवर घरातील सर्वांचा अधिकार सारखा नव्हता. वडीलधाऱ्यांचे रागीट चेहरे वर असत, आणि सुनेच्या वाट्यास फार तर स्वतः भरलेला मण्यांचा पोपट येई. अशा भिंतीखाली ज्यांचा जीव गुदमरला, त्यांस कोऱ्या भिंतीचा मोह पडावा हे साहजिक आहे. कोऱ्या भिंतीत एक सुटका आहे. जुने सर्व पुन्हा टांगा, असे आमचे म्हणणे नाही.

आमचे म्हणणे इतकेच की, जुन्या तसबिरीविषयी पाहुण्याने ‘हे कोण?’ किंवा ‘हे कुठले?’ असे विचारले असता घरातील कोणीतरी उत्तर देऊ शके. हे आमचे पणजोबा. ही पंढरीच्या वारीत घेतलेली. हा पोपट काकूने बाळंतपणाला माहेरी गेली असताना भरला. चित्र सामान्य असे, पण त्यामागे एका माणसाची निवड असे, आणि त्या निवडीची हकीकत घरात नांदत असे. तटस्थ चित्राविषयी तोच प्रश्न विचारला तर दुकानाचे नाव आणि किंमत याखेरीज उत्तर मिळत नाही. घरातील चित्राची परीक्षा करण्यास याहून सोपी कसोटी आम्हांस ठाऊक नाही. चित्रकलेचे शास्त्र न शिकलेल्या गृहिणीलाही ती लावता येते, आणि लहान मुलाने विचारलेल्या एका प्रश्नानेही ती लागते.

तेव्हा ज्यांस घर विकावयाचे आहे त्यांनी धंद्याचा सल्ला खुशाल घ्यावा. मात्र शक्य असेल तेथे, पान आणि पट्टे यांऐवजी त्याच परिसरातील डोंगराचे, नदीचे वा रस्त्याचे एखादे चांगले चित्र लावावे. त्याने कोणाचे मन दुखावत नाही, आणि नव्या मालकास आपण कोठे राहावयास आलो हे तरी कळते. आणि ज्यांस घरात राहावयाचे आहे त्यांनी या धंद्याकडून टांगण्याची कला घ्यावी, निवडण्याची घेऊ नये. तसबीर गणेशपट्टीवरून खाली नजरेसमोर आणावी, चार चित्रे काढून एक ठेवावे, भोवती मोकळी भिंत सोडावी. मात्र ते एक चित्र कोणते असावे, हे ठरविण्याचे काम भाड्याच्या रुचीवर सोपवू नये. घरातील मंडळींनी, त्यांत मुलांनी आणि सुनांनीही, एकत्र बसून ते ठरवावे. त्यावर थोडा वाद झाला तरी चालेल. ज्या चित्रावरून घरात वाद होऊ शकतो, ते चित्र निदान घरातल्यांनी पाहिले आहे एवढे तरी निश्चित होते.